एकाच गाण्याने भाव खाल्लेला अल्बम: टेन सीसी, 'द ओरिजिनल साउंडट्रॅक' (१९७५)

रीळवाला

टेन सीसी म्हटलं की आपल्याकडे दोनच गाणी निघतात. एक ते क्रिकेटवालं 'ड्रेडलॉक हॉलिडे' आणि दुसरं 'आय ॲम नॉट इन लव्ह'. हे दुसरं ज्या अल्बमवर आहे तो 'द ओरिजिनल साउंडट्रॅक', मार्च १९७५ मधला, म्हणजे पन्नाशी उलटली त्याची, आणि गंमत अशी की गाणं सगळ्यांना पाठ पण अल्बम सलग ऐकलेला माणूस शोधून सापडत नाही. सध्या परत लावून बसलोय, डोक्यात बरंच काय काय चाललंय, म्हणून हा धागा.

बँड माहीत नसलेल्यांसाठी पटकन. चार जण, मँचेस्टरच्या आसपासचे, चौघेही गातात, चौघेही लिहितात. त्यात दोन जोड्या. एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गूल्डमन ही पहिली. गूल्डमन म्हणजे साठच्या दशकात यार्डबर्ड्स बँडला 'फॉर युवर लव्ह' आणि हॉलीज बँडला 'बस स्टॉप' लिहून देणारा माणूस, रेडिओवर चालणारं गाणं कसं बांधायचं हे त्याला झोपेतसुद्धा जमत असणार. स्टुअर्ट आधी माइंडबेंडर्स बँडमध्ये, आवाज गोड आणि रेकॉर्डिंगच्या टेबलावर पण तोच बसणार. दुसरी जोडी केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम, दोघं आर्ट कॉलेजातून आलेले. यांना गाण्यापेक्षा गाण्यामागची कल्पना जास्त प्यारी. पुढे यांनीच 'द पोलीस' या बँडच्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'चा व्हिडिओ केला, आठवत असेल, तो काळापांढरा, उभ्या बासवाला.

आता अल्बम. नाव 'ओरिजिनल साउंडट्रॅक' पण सिनेमा कुठलाच नाही. कव्हरवर चित्रकार हम्फ्री ओशनने काढलेलं फिल्म एडिटिंगच्या टेबलाचं पेन्सिल चित्र, डिझाइन अल्बमची कव्हरं करणाऱ्या हिप्नॉसिसचं. आत आठ गाणी. पहिलं साडेआठ मिनिटांचं, पॅरिसमधल्या एका रात्रीचं, तीन भागांत. दुसरंच 'आय ॲम नॉट इन लव्ह'. म्हणजे एल्पी लावल्यावर पंधरा मिनिटांत तुम्ही एका वेश्यागृहातल्या नाटकातून थेट त्या आवाजांच्या धुक्यात जाता. या दोन गाण्यांना एकमेकांशी काही म्हणजे काहीच घेणंदेणं नाही.

माझं म्हणणं असं की याच्याकडे 'एक अजरामर गाणं आणि बाकी भरणा' असं बघणं चूक आहे. हा दोन जोड्यांचा अल्बम आहे, आणि जिथे जिथे एका जोडीचा हात दुसऱ्या जोडीच्या गाण्यात घुसलाय तिथे तो चमकतो. जिथे प्रत्येक जोडी आपापल्या खोलीत बसून काम करते तिथे तो एकतर फार हुशार होतो नाहीतर फार सरळ. ते अजरामर गाणंसुद्धा कागदावर स्टुअर्ट-गूल्डमनचं आहे पण ते जे झालं ते गॉडलीमुळे. त्यावर खाली बोलूच.

बोला.

क्रिकेटवेडा

'ड्रेडलॉक हॉलिडे' याच अल्बमवर आहे का? नसेल तर मी चाललो :-)

रीळवाला

नाही हो, ते १९७८ चं. तोपर्यंत गॉडली आणि क्रीम सोडून गेलेले. जाऊ नका, बसा.

खडूस_काका

बसतो मी त्यांच्या जागी. हा अल्बम मी कॉलेजात असताना फोर्टातल्या फुटपाथवर घेतला होता, कव्हर कुरतडलेलं, आणि अगदी खरं सांगतो, पहिल्या बाजूचं दुसरं गाणं सोडलं तर मी सुई उचलून ठेवायचो. कारण काय तर हे चौघे फार हुशार आहेत आणि तुम्ही ते विसरू नये याची फार काळजी घेतात. प्रत्येक ओळीत कोटी. प्रत्येक कोटीनंतर जरा थांबून आपल्याकडे बघणार, हसलात का म्हणून. 'लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी' काय, जगणं म्हणजे वर चीज किसलेलं सूप आणि मरण म्हणजे डीप फ्रीझमधला गार लझानिया. अरे ठीक आहे, पण तिसऱ्यांदा ऐकताना काय करायचं त्याचं? शब्दखेळ एकदा कळला की संपतो, सूर संपत नाही. म्हणून ते एक गाणं टिकलं, कारण त्यात पहिल्यांदा या लोकांनी कोटी करायचं थांबवलं.

भरणा नाही म्हणता, मग सांगा, 'फ्लाइंग जंक' शेवटचं कधी गुणगुणलात?

फेडरखाली

काका, 'कोटी करायचं थांबवलं' हे अजिबात पटलं नाही. ते गाणंच एक कोटी आहे. माणूस सांगतोय माझं प्रेम नाही, तुझा फोटो लावलाय तो भिंतीवरचा डाग झाकायला, आणि प्रत्येक ओळीगणिक आणखी अडकत जातोय. स्टुअर्टला म्हणे बायकोने विचारलं की तू 'लव्ह यू' जास्त वेळा का म्हणत नाहीस, त्यातून ते आलं. फक्त यात विनोद करणाऱ्यालाच विनोद कळत नाहीये, म्हणून तो लागतो.

पण मला बोलायचंय आवाजावर, कारण मी डबिंग-मिक्सिंगमधला माणूस आणि हे गाणं आमच्याकडे नवीन पोरांना मी ऐकवतोच.

आधी ते बोसानोवा होतं, ब्राझीलची ती हलकी डोलणारी लय. खरंच. स्टुअर्ट-गूल्डमनने तसं बांधलं, चौघांनी वाजवलं, आणि गॉडलीने सांगून टाकलं की हे काय खरं नाही. टेप पुसून टाकली. पण स्टुडिओतली माणसं ती चाल गुणगुणत फिरत होती म्हणून परत विषय निघाला, आणि गॉडली म्हणाला करायचंच तर कुणी केलं नाही तसं करू, वाद्यं नकोत, सगळे आवाज. आता आवाज म्हणजे चार जणांचा कोरस नाही. गूल्डमन, गॉडली आणि क्रीम तिघांनी एका माइकसमोर एकच सूर 'आऽऽ' करून धरायचा, असा सोळा वेळा. तीन गुणिले सोळा म्हणजे अठ्ठेचाळीस आवाज एका सुराला. असे तेरा सूर, म्हणजे सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून पूर्ण सप्तक आणि वरचा सा. गुणाकार करा, ६२४. नुसतं हे करायला तीन आठवडे गेले.

मग प्रत्येक सुराची टेप कापून तिचा गोल केला, साधारण बारा फुटांचा, तो मशीनमधून काढून लांब उभ्या केलेल्या माइकच्या स्टँडला वळसा घालून परत मशीनमध्ये. बारा फूट एवढ्यासाठी की टेप जिथे जोडलीय तिथे बारीक टिक येतो, गोल छोटा असेल तर तो टिक सारखा सारखा ऐकू येणार. त्या काळी मेलोट्रॉन होता की, पट्टी दाबली की टेपवरचा कोरस वाजायचा, पण त्याची टेप आठ एक सेकंदांत संपते, यांचा सूर संपतच नाही. ते तेरा सूर सोळा ट्रॅकच्या मशीनवर तेरा ट्रॅकांवर उतरवले आणि मग, हा माझा आवडता भाग, मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य झालं. चौघे जण टेबलावर ओणवे, प्रत्येकाच्या वाट्याला काही फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या), कॉर्ड म्हणजे सुरांचा जुडगा बदलला की तुझा वर माझा खाली. म्हणजे आज आपण सॅम्पलर म्हणतो ते यांनी कात्रीने आणि चिकटपट्टीने केलं.

आणि चिकटपट्टी म्हणजे खरोखरची चिकटपट्टी. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून खालच्या बाजूला गॅफर टेप लावून ठेवली होती. त्यामुळे गाणंभर सगळे तेरा सूर एकदम, अगदी बारीक, मागे चालूच राहतात. आज प्लगइनमध्ये असाच कोरस दोन मिनिटांत बनतो आणि मेलेला वाटतो, कारण त्याच्यात हा मागचा कचरा नसतो.

बाकी वाद्यं नावापुरती. स्टुअर्टचा फेंडर ऱ्होड्स पियानो, गूल्डमनचं गिटार, आणि बेस ड्रमसुद्धा खरा नाही, मूग सिंथेसायझरवर केलेला ठोका.

मध्यमसप्तक

अरे वा फेडरखाली, हे तेरा सूर मागे चालू राहण्याचं माहीत नव्हतं आणि आता कळलं मला या गाण्यात इतकं घरच्यासारखं का वाटतं. मी गाणं शिकवते, आमच्या कानाला तानपुरा लागतो. पाश्चात्य पॉपमध्ये कॉर्ड बदलली की खालची जमीनच बदलते, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. इथे जमीन सगळ्या सुरांची मिळून आहे आणि ती हलत नाही, वर कॉर्ड नुसत्या उजळतात आणि विझतात. तानपुऱ्यात सा-प असतो आणि यात सगळेच सूर एकदम म्हणजे शास्त्राने गोंधळच, पण इतका बारीक ठेवला की गोंधळाचा आधार होतो. विद्यार्थिनींना ऐकवणार.

मधला तो कुजबुजणारा आवाज कोणाचा? मला नेहमी वाटतं ती बाई खरंच त्याला गप्प करतेय.

फेडरखाली

मध्यमसप्तक ताई, ती स्टुडिओची रिसेप्शनिस्ट, कॅथी रेडफर्न. त्यांना त्या मोकळ्या जागेत काहीतरी हवं होतं, तेवढ्यात ती दार ढकलून हळू आवाजात सांगायला आली की एरिक तुझा फोन आहे. क्रीम म्हणाला हाच आवाज. बिचारी तयार नव्हती. व्यावसायिक गायिका आणली असती तर तिने भाव ओतला असता.

त्याच जागी खाली गूल्डमनचा बास ऐका, बास चाल गातोय, ताल धरत नाहीये.

तन्वी_के

मी या धाग्यातली बहुतेक सगळ्यात लहान. मला हे गाणं २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'मुळे कळलं, सुरुवातीला तो मुलगा हॉस्पिटलात वॉकमनवर ऐकत असतो, आणि मी घरी येऊन अख्खा अल्बम लावला, आणि पहिल्याच गाण्याला, काय सांगू, चेहराच वाकडा झाला. साडेआठ मिनिटं खोटे फ्रेंच उच्चार, इंग्रजी टूरिस्टाला लुटणाऱ्या बायका, पोलीस मरतो, त्यावर कोरस. सगळं फ्रान्स म्हणजे बायका, वाइन आणि चोर. मग 'ब्लॅकमेल'. एक माणूस एका बाईचे चोरून काढलेले फोटो नवऱ्याला पाठवतो, नवऱ्याला ते एवढे आवडतात की ते थेट 'प्लेबॉय' मासिकवाल्या ह्यू हेफनरपर्यंत जातात आणि ती स्टार होते. ब्लॅकमेल करणाऱ्याचीच फजिती, हाहा. पण त्या बाईला गाण्यात एक शब्द नाही. आज असे फोटो फिरतात तेव्हा काय होतं ते माहीत असणाऱ्या कुणालाही हे हसू येत नाही.

म्हणजे 'पुनर्मूल्यांकन' करताय तर हेही करा. नुसतं ६२४ आवाज मोजून कसं चालेल.

क्रिकेटवेडा

तन्वीला +१. आणि मी अजून आहे बरं का धाग्यावर.

रीळवाला

तन्वी, बरं झालं काढलंस. 'ब्लॅकमेल'बद्दल तुझ्याशी सहमत, शेवटचं स्टुअर्टचं गिटार सोडलं तर त्या गाण्यात मला जाऊन बसावंसं वाटत नाही. आणि माझ्या मूळ मुद्द्यात ते बसतं पण, ते निव्वळ स्टुअर्ट-गूल्डमनचं गाणं आहे, छान चालणारं, कुणी आत शिरून 'हे काय खरं नाही' म्हटलेलं नाही.

पॅरिसवालं मात्र मी सोडणार नाही. ते निव्वळ गॉडली-क्रीमचं आहे आणि ते खऱ्या पॅरिसबद्दल नाहीच मुळी. ते हॉलीवूडच्या सेटवरच्या पॅरिसबद्दल आहे, जिथे प्रत्येक रस्त्याला ॲकॉर्डियन वाजतं. अल्बमचं नाव परत वाच, न निघालेल्या सिनेमाचं संगीत. खोटेपणा हाच विषय आहे. शिवाय लुटला जाणारा इंग्रज पाहुणा त्यात सगळ्यात बावळट आहे. त्याची रचना बघ, एकच रात्र तीन भागांत सांगितलीय, पात्रं बदलत जातात, प्रत्येकाला स्वतःचा आवाज आणि स्वतःची चाल, आणि शेवटी सगळ्यांच्या चाली एकमेकांवर चढतात. आपल्या संगीत नाटकात पदं एकामागून एक येतात, इथे पदं एकमेकांत घुसतात.

तन्वी_के

'खोटेपणा हाच विषय' हे कुठल्याही गोष्टीबद्दल म्हणता येतं दादा. रचना भारी आहे, मान्य. पण रचना भारी असलेली गोष्ट मला परत ऐकाविशी वाटत नाही हेही तितकंच खरं.

बोरीबंदर

इतक्या कमेंटी झाल्या आणि अजून क्वीनचं नाव नाही म्हणजे कमाल आहे. मार्च १९७५ ला एका इंग्लिश बँडचं तीन भागांचं, पात्रं असलेलं, आवाजांचे थर चढवलेलं नाट्यमय गाणं येतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'अ नाइट ॲट द ऑपेरा' येतो आणि त्यावर 'बोहेमियन रॅप्सडी'. आमच्या पाचगणीच्या शाळेतल्या पोराने (हो, फारूख बलसारा म्हणजे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी सेंट पीटर्समध्येच शिकला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड) जग जिंकलं आणि टेन सीसीचं पॅरिस कुणाला माहीत नाही. का? सांगतो. फ्रेडीने विनोद केला पण डोळा मारला नाही. मधल्या ऑपेरात तो काय वाट्टेल ते म्हणतो पण जीव तोडून म्हणतो. टेन सीसीचे लोक गातानासुद्धा आपण गाण्यातले नाही हे दाखवत राहतात. श्रोत्याला हुशार लोकांचं कौतुक वाटतं, जीव मात्र तो लावतो जीव तोडणाऱ्यावर.

खडूस_काका

बोरीबंदर, मी वर तेच म्हणत होतो, तुम्ही जरा सभ्य शब्दांत म्हणालात.

मुग्धा_स्टॉकपोर्ट

आयडीवरून कळलं असेलच. ज्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हा अल्बम झाला तो आमच्या गावात, वॉटरलू रोडवर. १९९३ मध्ये स्टुडिओ बंद झाला, आता बाहेर भिंतीवर एक पाटी आहे, बाकी बाहेरून अगदी कुठलंही ऑफिस वाटावं अशी साधी इमारत. नाव बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'वरून ठेवलेलं.

मला वाटतं तुम्ही सगळे एक गोष्ट सोडताय, ती म्हणजे जागा. स्टॉकपोर्ट हे काही लंडन नाही. एकेकाळी टोप्या बनवणारं गाव, गावावरून जाणारा विटांचा अवाढव्य रेल्वे पूल, आणि पाऊस. तेव्हा इंग्लंडमध्ये रेकॉर्डिंग म्हणजे लंडनला जायचं, तासावर भाडं द्यायचं आणि घड्याळाकडे बघत गायचं. यांचा स्टुडिओ यांच्याच हातात, घरापासून जवळ, म्हणून तर एका 'आऽऽ'वर तीन आठवडे घालवता आले. भाड्याच्या स्टुडिओत दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. तिथेच हे लोक इतरांच्या मागे वाजवायचे, अमेरिकन गायक नील सेडाका इथे येऊन रेकॉर्ड करून गेलाय यांना साथीला घेऊन. आणि पुढे १९७९ ला याच स्टुडिओत जॉय डिव्हिजन बँडचा तो काळोखा, उदास 'अननोन प्लेझर्स' झाला. एकाच इमारतीत 'मिनेस्ट्रोनी' आणि तो, विचार करा.

आता बोरीबंदर यांच्या डोळा मारण्याबद्दल. मला इथे राहून असं वाटायला लागलंय की ते उत्तरेकडचं वळण आहे. इथे माणूस भावनेचं काही बोलला की लगेच पुढे एक विनोद टाकतो, ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आमच्या शेजारच्या आजोबांनी बायको गेल्याचं मला सांगितलं तेही असंच, मधे एक विनोद. त्यांना थंड म्हणायची माझी हिंमत नाही.

बोरीबंदर

मुग्धाताई, हे पटण्यासारखं आहे. तरी फ्रेडीच भारी :-)

खडूस_काका

मुग्धा, शेजारच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण आजोबा विनोद करताना बायकोबद्दल बोलत होते. हे लोक विनोद करताना विनोदाबद्दलच बोलत असतात. 'द फिल्म ऑफ माय लव्ह' ऐका, शेवटचं गाणं. सिनेमाच्या सगळ्या उपमा प्रेमाला लावल्यात, जुन्या पद्धतीच्या गोड गायकाची नक्कल करत, खाली मँडोलिनसारखं काहीतरी तुणतुणतंय. नक्कल झकास आहे, पण झाली की काय उरतं? ज्याची नक्कल केली ती जुनी गोड गाणीच मी मग जाऊन ऐकतो.

अर्धवट

मला वाटलेलं टेन सीसी म्हणजे गाडीचं मॉडेल. वाचतोय, चालू द्या.

फेडरखाली

दुसऱ्या बाजूबद्दल कुणी नीट बोललंच नाही. मी बोलतो.

रीळवाल्यांचा जोड्यांचा मुद्दा घेऊन श्रेयनामावली बघा. 'लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी' क्रीम आणि स्टुअर्टचं, म्हणजे मिसळलेली जोडी. काकांनी ज्याची टिंगल केली ते 'फिल्म ऑफ माय लव्ह' गॉडली आणि गूल्डमनचं, तीही मिसळलेली. 'सेकंड सिटिंग फॉर द लास्ट सपर' चौघांचं. म्हणजे मिसळलं की सोनं हा नियम काही चालत नाही हो, 'फिल्म' मलाही पोकळच वाटतं. पण 'मिनेस्ट्रोनी'ला चालतो. या अल्बमवरून आधी तेच सिंगल काढलं होतं, इंग्लंडात सातव्या नंबरपर्यंत गेलं, आणि त्यात शब्दांची सर्कस क्रीमची वाटते आणि कोरस स्टुअर्टचा, असा की कोटी कळली नाही तरी गाता येतो. (त्यात गाणारा पहाटे ताजमहालाशेजारी चहा पिऊन येतो, आपला तेवढाच सहभाग.) काका, तिसऱ्यांदा ऐकताना काय करायचं विचारलंत ना, शब्द सोडा आणि मागची गिटारं ऐका, डावी-उजवीकडे वेगळे थर आहेत, हेडफोन लावा.

'सेकंड सिटिंग' मात्र जोरदार. ख्रिस्त परत यायचा होता तो कुठे राहिला, जग उपाशी आहे, जेवणाची दुसरी पंगत कधी बसणार, असं ते गाणं. हे या अल्बमवरचं एकमेव ठिकाण जिथे त्यांचा उपहास रागातून येतो. खाली दणदणीत रॉक. इथे मला कुणी डोळा मारताना दिसत नाही.

तन्वी_के

'सेकंड सिटिंग' मलाही आवडलं. आणि 'ब्रँड न्यू डे'. रोज उठायचं, कामाला जायचं, परत यायचं, याच्यावरचं. ते गॉडली गातो ना? काय आवाज आहे त्या माणसाचा. सगळे स्टुअर्टच्या आवाजाबद्दल बोलतात. या गाण्याला कुणी लोकप्रिय का केलं नाही कळत नाही.

मध्यमसप्तक

गॉडलीच. तार सप्तकात जाताना त्याचा आवाज पातळ होत नाही, हे पुरुष गळ्याला सोपं नसतं. चाल प्रार्थनेसारखी आणि शब्द थकलेल्या कामगाराचे. आणि हे गॉडली-क्रीमचं आहे, रीळवाले, म्हणजे तुमची 'फार हुशार' जोडी स्वतःच्या खोलीत बसूनसुद्धा रडवू शकते.

रीळवाला

मध्यमसप्तक, फेडरखाली, दोघांनी मिळून माझा नियम पार वाकवलात. तरी मी त्याला धरून आहे, जरा वेगळ्या तऱ्हेने सांगतो. श्रेय कुणाचं छापलंय त्याला अर्थ नाही, गाण्याला कुणी अडवलं का याला आहे. 'आय ॲम नॉट इन लव्ह' छापलंय स्टुअर्ट-गूल्डमन. त्याला अडवलं गॉडलीने. कुजबुज सुचली क्रीमला. टेबलावर चौघे. हे गाणं इंग्लंडात पहिलं आलं, अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या नंबरवर होतं, आणि बोसानोवा म्हणून आलं असतं तर तुम्ही-आम्ही आज त्यावर बोलत नसतो. पुढे बिली जोएलच्या 'जस्ट द वे यू आर'मध्ये मागे तसेच आवाज ऐकू येतात ते उगाच नाही.

उलटी बाजू १९७६ नंतर दिसते. 'हाऊ डेअर यू' या अल्बमनंतर गॉडली आणि क्रीम बाहेर पडले. कारण काय तर गिझ्मोट्रॉन, त्यांनीच खपून काढलेलं यंत्र, गिटारच्या तारांना छोटी चाकं घासून व्हायोलिनसारखा आवाज काढणारं. ते दाखवायला एक रेकॉर्ड करू म्हणून बसले आणि १९७७ मध्ये तीन एल्प्यांचा 'कॉन्सिक्वेन्सेस' घेऊन उठले. त्यात विनोदी नट पीटर कुक बोलतो, जॅझ गायिका सारा व्हॉन गाते, आणि कुणीही कुणाला 'बस झालं' म्हणालेलं नाही. इकडे स्टुअर्ट-गूल्डमनने त्याच वर्षी 'डिसेप्टिव्ह बेंड्स' काढला, त्यातलं 'द थिंग्ज वी डू फॉर लव्ह' चांगलंच चाललं. गोड, नेटकं, व्यवस्थित. त्याला कुणी 'हे काय खरं नाही' म्हणालेलं नाही. पत्रकारांनी तेव्हा त्यांना फाइव्ह सीसी म्हणून चिडवलं, मला ते चिडवणं जरा अन्यायाचं वाटतं पण कुठून आलं ते कळतं.

क्रिकेटवेडा

थांबा थांबा, म्हणजे 'ड्रेडलॉक हॉलिडे' फाइव्ह सीसीचं? आणि तेही इंग्लंडात पहिल्या नंबरवर होतं ना? मग गॉडली-क्रीम नसतानाही चाललंच की.

रीळवाला

चाललं, प्रश्नच नाही. चालण्याबद्दल मी काहीच म्हणत नाहीये. आता खुद्द ते गाणं जमैकात फिरणाऱ्या गोऱ्या पाहुण्याबद्दल, त्यावर तन्वी काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तन्वी_के

वेगळा धागा काढा, येते :-)

खडूस_काका

मुद्दा 'अडवणारा माणूस' असेल तर मला पटतो. मग तुमच्याच मुद्द्याने या अल्बमच्या आठपैकी सहा गाण्यांना कुणी अडवलं नाही असं म्हणावं लागेल, कारण अडवलं असतं तर पॅरिस पाच मिनिटांत संपलं असतं. म्हणजे आपण दोघं एकाच ठिकाणी आलोय, फक्त तुम्ही त्याला पुनर्मूल्यांकन म्हणता आणि मी म्हणतो सुई उचला.

पण 'सेकंड सिटिंग' आणि 'ब्रँड न्यू डे' आज रात्री लावतो. ही दोन्ही एकापाठोपाठ आहेत ना दुसऱ्या बाजूला?

रीळवाला

हो, दुसरी बाजू त्यांनीच सुरू होते. आणि काका, तिथून 'फ्लाइंग जंक' लागेल, ते तेवढं ऐकून मगच उठा.

खडूस_काका

बघतो.